रात्री दहानंतर कुठे बसाल? मुंबईतले पाच दिवस

लेकीला वांद्रे-कुर्ला संकुलात नोकरी लागली. पंधरा डिसेंबरला रुजू व्हायचं होतं आणि राहायचं कुठे हे ठरत नव्हतं. तिच्या मैत्रिणी म्हणत होत्या वांद्रे. माझ्या मनात दादर. तिचे बाबा सांगलीत बसून फोनवर भाड्याच्या जाहिराती वाचून दाखवायचे, आणि प्रत्येक जाहिरातीत स्टेशन दहाच मिनिटांवर असायचं. शेवटी मी म्हटलं, आपण दोघी जाऊ. रोज एका वस्तीत राहू, तिथेच जेवू, आणि रात्री उशिरापर्यंत बाहेर फिरू. घर दिवसा कोणीही दाखवतं. ती वस्ती रात्री कशी असते ते मला बघायचं होतं, कारण ऑफिसातून सुटल्यावर तिच्या वाट्याला रात्रच येणार होती.

नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा होता. उकाडा ओसरलेला, सकाळी हवेत धुरकटपणा, संध्याकाळी समुद्रावर बरा वारा.

गुरुवार: दादर

महालक्ष्मी एक्स्प्रेसने पहाटे दादरला उतरलो. नणंदेकडे जायचं होतं, पण इतक्या लवकर कुणाचं दार वाजवायचं म्हणून सामानासकट फूल मंडईत शिरलो. झेंडूचे ढीग, ओल्या गोणपाटांचा वास, डोक्यावर टोपली घेऊन ‘चला चला, बाजूला’ करत जाणारे हमाल. लेक मुंबईत चारपाच वेळा आली होती, पण हे तिने कधी पाहिलं नव्हतं. एका मावशींनी तिच्या हातावर सोनचाफ्याची दोन फुलं ठेवली. पैसे द्यायला गेले तर म्हणाल्या, ‘राहू दे, पहिलं गिऱ्हाईक यायचंय अजून.’

दिवसाचं दादर सगळ्यांना माहीत आहे. ‘आस्वाद’ची मिसळ खाल्ली, रानडे रोडवर गर्दीत धक्के खाल्ले, नणंदेकडे दुपारी बोंबिलाचं कालवण आणि भात. नणंद म्हणाली, ‘वहिनी, हिला इथेच ठेवा, डोळ्यासमोर राहील.’ लेक काही बोलली नाही.

रात्री साडेनऊला आम्ही शिवाजी पार्कवर गेलो. या मैदानाचं नाव आधी माहीम पार्क होतं, 1927 मध्ये ते शिवाजी पार्क झालं. भोवतीचा कट्टा एक किलोमीटरहून थोडा जास्त भरतो. 2010 मध्ये उच्च न्यायालयाने हा भाग शांतता क्षेत्र ठरवला. चैत्यभूमीवर सहा डिसेंबरला येणाऱ्या लोकांसाठी मैदानात मांडवाचं काम चालू होतं, बांबू उतरवत होते. कट्टा मात्र भरलेला. चालून दमलेले आजोबा, अभ्यासाच्या वह्या घेऊन बसलेली दोन मुलं, हातात हात घालून बसलेली जोडपी, आणि त्यांच्याशेजारी कुत्र्याला पोळी भरवणाऱ्या एक बाई. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. सव्वाअकरा वाजता माझ्या शेजारी एक मुलगी येऊन बसली, चपला काढल्या, डबा उघडला आणि एकटीच जेवायला लागली. दवाखान्यात नर्स होती, पाळी संपवून आलेली. ‘खोलीवर तिघी आहोत, त्या झोपल्या असतील. दिवा लावायला नको म्हणून इथेच जेवते,’ म्हणाली.

त्या मुलीला बघून माझ्या मनातला प्रश्न नीट झाला. कुठली वस्ती चांगली हे ठरवताना आपण हॉटेलं मोजतो, स्टेशन मोजतो. मला आता एवढंच बघायचं होतं की रात्री दहानंतर एकट्या मुलीला, काही विकत न घेता, निवांत बसायला जागा आहे का.

दादरची उणीवही सांगते. कट्ट्यावरून उठल्यावर लेकीला भूक लागली, आणि बाराच्या सुमारास आसपास खायला काही मिळेना. दुकानं, उपाहारगृहं दहा-साडेदहालाच आवरतात. उशिरा घरी येणाऱ्याने इथे घरात काहीतरी करून ठेवलेलं बरं.

शुक्रवार: माटुंगा, लालबाग आणि लोअर परळ

सकाळी माटुंग्याला किंग्ज सर्कलपाशी ‘कॅफे मद्रास’समोर नाव लिहून उभे राहिलो. 1940 पासूनचं हॉटेल. रसम इडली, नीर डोसा आणि पितळेच्या वाटीतली फिल्टर कॉफी. आमच्या टेबलावर आणखी दोन अनोळखी माणसं बसवली. इथे तसंच करतात, वाईट वाटून घेऊ नये. नंतर पारशी कॉलनीतून फाइव्ह गार्डन्सपर्यंत चाललो. इतकी झाडं आणि इतके रुंद पदपथ मुंबईत दुसरीकडे मी पाहिले नाहीत. भाडं विचारलं आणि पुढे चालू लागलो.

दुपारी लालबाग. सांगलीहून निघताना शेजारणीने मालवणी मसाला आणायला सांगितला होता, म्हणून मसाला गल्लीत गेलो. मसाला कुटणाऱ्या डंखांचा आवाज, डोळ्यांत पाणी, आणि दारात मिरच्या निवडणाऱ्या बायका. ज्यांच्याकडून मसाला घेतला त्या सत्तरीच्या असतील. लेक रात्री लोअर परळला मैत्रिणींना भेटणार म्हटल्यावर म्हणाल्या, ‘कमला मिलमध्ये का? माझे वडील तिथल्याच एका गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते.’ 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा बाईंचं नुकतंच लग्न झालेलं. अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि बहुतेकांना परत आत जायला मिळालंच नाही. वडिलांनी पुढे लालबागमध्येच भाजी विकली. बाई हे तक्रारीच्या सुरात सांगत नव्हत्या. मसाला तोलता तोलता सांगत होत्या, आणि शेवटी वर मूठभर जास्त टाकला. चिवडा गल्लीतून पोहे चिवडाही घेतला.

लोअर परळची रात्र लेकीची होती, पण तिनेच मला बरोबर नेलं. गिरणीच्या जुन्या आवारात काचेच्या इमारती, त्यांत एकावर एक रेस्टॉरंट आणि बार. जेवण खरंच उत्तम होतं. कोळंबीचा एक पदार्थ इतका सुंदर होता की मी बशी पुसून खाल्ली. संगीताचा आवाज मात्र असा की शेजारच्या मुलीशी बोलायला कानाला तोंड लावावं लागे. त्या मुली खुश होत्या, आठवडाभर राबून आलेल्या होत्या, नाचत होत्या. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी उठून बाहेर पडायचा दुसरा रस्ता कुठे आहे ते बघून आले. 29 डिसेंबर 2017 च्या रात्री याच कमला मिलच्या आवारात लागलेल्या आगीत 14 जण गेले, ते मी विसरू शकत नाही. वरच्या मजल्यावरच्या कुठल्याही जागी गेलात तर बसण्याआधी दुसरा दरवाजा शोधा. मुलींनाही मी तेच सांगितलं, आणि त्यांनी ऐकलं.

ओळखपत्र जवळ ठेवा. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी वय 21 आणि कडक दारूसाठी 25 लागतं. चोवीस वर्षांच्या लेकीने बिअरवर भागवलं.

दीड वाजता सगळं एकदम बंद होतं आणि शेकडो माणसं एकाच वेळी रस्त्यावर येतात. टॅक्सीसाठी आम्ही पस्तीस मिनिटं उभ्या होतो. अ‍ॅपवर नेहमीच्या तिप्पट भाडं, आणि एल्फिन्स्टनचा पूल पाडायला घेतल्यामुळे पूर्वेकडे जाणाऱ्या गाड्या फिरून येत होत्या. एका मुलीच्या चपलेने पाय सोलला होता. तिला टेकायला जागा शोधली. बाक नाही, पार नाही, ओटा नाही. सुरक्षारक्षकाने पायरीवरून उठवलं. शेवटी ती बंद पानटपरीच्या फळीवर बसली. कोट्यवधींच्या इमारती आणि दमलेल्या पोरीला टेकायला वीतभर जागा नाही, याचं मला फार वाईट वाटलं.

शनिवार: वांद्रे

लेकीचा आवडता दिवस. रनवार गावठाणात एका ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळच्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती, कुटुंबाच्या घरी वरची खोली मिळाली होती. बाहेरून लाकडी जिना, पत्र्याचं छप्पर, दारासमोर कुंड्या. मी हिंदीत बोलायला लागले तर मालकीणबाई सरळ मराठीत बोलू लागल्या. वसईकडच्या बोलीच्या जवळची, वेगळ्याच हेलाची मराठी. माझ्या सांगलीच्या बोलण्याची त्यांना गंमत वाटत होती आणि मला त्यांच्या. दुपारच्या जेवणाला त्यांनी बॉटल मसाला घातलेलं चिकन केलं. हा मसाला उन्हाळ्यात कुटून काळ्या बाटल्यांत ठासून भरून ठेवतात, म्हणून हे नाव. कालच लालबागचा मसाला घेतल्याचं सांगितलं, तर पिशवी उघडून वास घेऊन म्हणाल्या, ‘चांगला आहे. आमच्यात याच्यापेक्षा जिन्नस जास्त.’ आणि बोटांवर मोजायला लागल्या. वीसच्या पुढे गेल्यावर मी लिहून घेणं सोडलं.

चॅपेल रोडच्या भिंतींवरची चित्रं, माउंट मेरीच्या पायऱ्या, 1640 च्या किल्ल्यातून दिसणारा सागरी सेतू, हिल रोडवरची खरेदी. सगळं चालत झालं. ‘अमेरिकन एक्स्प्रेस’ बेकरीतून गरम ब्रेड घेतला. संध्याकाळपासून कार्टर रोड. तिथे मात्र मी मनापासून वांद्र्याच्या बाजूची झाले. रात्री अकरा वाजता समुद्राकडेच्या फरसबंदीवर मुली एकट्या पळत होत्या, कानाला हेडफोन लावून. कट्ट्यावर कोणी गिटार वाजवत होतं, कोणी आईला घेऊन बसलं होतं. भूक लागली तर पाच मिनिटांत दहा पर्याय, आणि घरी परतायला रिक्षा. रिक्षा हा मोठा मुद्दा आहे. वांद्रे आणि शीवच्या दक्षिणेला शहरात रिक्षा चालत नाही, तिथे टॅक्सीच. मध्यरात्री ते पहाटे पाच रिक्षा-टॅक्सीला सव्वापट भाडं लागतं, ते मीटरप्रमाणेच असतं, त्यावर वाद घालू नये.

मग दलाल. त्याने दोन जागा दाखवल्या. पहिल्या घरमालकाने लेकीला आधी जात आडून विचारली, मग मांसाहार, मग ‘रात्री किती वाजता येणार?’ ऑफिस सुटल्यावर येईन, ती म्हणाली. दुसऱ्या जागी तिच्याशी बोललेच नाहीत. मी शेजारी असूनही मला विचारलं, ‘मुलगी एकटीच राहणार? लग्न ठरलंय का?’ ज्या रस्त्यावर पोरी मध्यरात्री निर्धास्त पळतात, त्याच रस्त्यावर एकटीला घर द्यायला लोक कचरतात. वन-बीएचकेचं भाडं आम्हाला 75 हजार सांगितलं, अनामत तीन लाख, दलाली एका महिन्याच्या भाड्याएवढी. दोघींत एक खोली घेतली तर माणशी 28 हजार.

रात्री अडीचपर्यंत खिडकीखालून गाड्या आणि मोठमोठ्याने बोलणारी माणसं जात होती. मालकीणबाई सकाळी चहा देताना म्हणाल्या, ‘शनिवार ना. सवय होते म्हणतात. मला साठ वर्षांत नाही झाली.’

रविवार: गिरगाव

रविवारी दुरुस्तीसाठी लोकलला ब्लॉक असतो हे विसरलो आणि वांद्र्याहून चर्नी रोडला पोचायला सव्वा तास गेला. बाहेरगावच्यांनी शनिवारी रात्रीच वेळापत्रक बघून ठेवावं.

माझी शाळेतली मैत्रीण लग्नानंतर पस्तीस वर्षं गिरगावात आहे. तिची चाळ पाडून टॉवर झाला आणि ती आता चौदाव्या मजल्यावर राहते. स्वयंपाकघर सुंदर, संडास घरात, पाणी चोवीस तास. तिने सगळं कौतुकाने दाखवलं. मग चहा पिताना म्हणाली, ‘एकच गेलं बघ. गॅलरी गेली.’ चाळीच्या गॅलरीत संध्याकाळी सगळ्या बायका भाजी निवडायला बसायच्या, रात्री गरम झालं की पुरुष सतरंजी टाकून झोपायचे. कुणाच्या घरी दुखलंखुपलं तर सांगावं लागायचं नाही. टॉवरमध्ये समोरच्या दाराआड कोण राहतं ते तिला ठाऊक नव्हतं. बोलता बोलता तिचे डोळे भरले आणि मी विषय बदलला नाही, तिला बोलू दिलं.

दुपारी तिने आम्हाला खोताच्या वाडीत नेलं. अरुंद गल्ल्या, उतरती कौलं, रंगीत कठडे. एके काळी इथे 65 घरं होती म्हणतात, आता निम्म्याहूनही कमी उरली आहेत. तिथून केशवजी नाईक चाळ, 1893 पासून गणपती बसवणारी. मग पाणशीकरांचं पियूष. लेकीने दोन पेले संपवले.

गिरगावात नाइटलाइफ नाही असं लेकीची एक मैत्रीण म्हणाली होती. रात्री साडेअकराला आम्ही तिघी चौपाटीवरून मरीन ड्राइव्हला चालत आलो. तिथे जत्रा भरावी तशी माणसं होती. गोऱ्या दगडी कठड्यावर पाय समुद्राकडे सोडून बसलेली. दहावीची मुलं, बुरखा घातलेल्या दोघी बहिणी आइस्क्रीम खाताना, नाटक बघून परतणारी म्हातारी जोडपी. मागे एका रांगेत त्या गोलाकार गच्च्यांच्या आर्ट डेको इमारती, 2018 पासून जागतिक वारशाच्या यादीत असलेल्या. एक मुलगा सायकलला थर्मास बांधून चहा विकत होता. दहा रुपयांना एक कप. तो बिहारमधल्या दरभंग्याचा, रात्री चहा विकतो, दिवसा झोपतो. ‘बारिश में क्या करते हो?’ विचारलं तर म्हणाला, ‘बारिश में ज्यादा बिकती है, आंटी.’

आम्ही एक वाजेपर्यंत बसलो. मैत्रीण म्हणाली, या टोकाला ती तीन वर्षांनी आली होती.

गिरगावातून वांद्रे-कुर्ला संकुलात जायला आता भुयारी मेट्रो थेट आहे. ऑक्टोबर 2025 मध्ये ती कफ परेडपर्यंत सुरू झाली आणि गिरगावचं गणितच बदललं. पूर्वी लोकल, मग वांद्र्याला शेअर रिक्षाची रांग, असं करावं लागे. मात्र मेट्रो रात्री साडेदहाच्या सुमारास संपते. त्यानंतर लोकल, ती चर्चगेटहून एकच्या आसपासपर्यंत मिळते. भाड्याचं म्हणाल तर पागडीच्या, म्हणजे एकदा मोठी रक्कम देऊन कमी भाड्यावर घेतलेल्या, जुन्या जागा बाहेरच्याला सहज मिळत नाहीत, आणि टॉवरमधलं भाडं आम्हाला झेपणारं नव्हतं.

सोमवार: पार्ले आणि माहीम

सकाळी ऑफिसच्या वेळेला मुद्दाम पार्ल्याला गेलो. लेकीचं तिथे पेइंग गेस्ट ठेवणाऱ्या एका बाईंशी बोलणं झालं होतं. पूर्व पार्ले मला सांगलीसारखंच वाटलं, झाडं, वाचनालय, नाट्यगृह, ओळखीची भाषा. मालकीणबाई प्रेमळ होत्या, पण दार रात्री दहाला बंद. लेकीने नम्रपणे नकार दिला. तिथून लोकलने वांद्रे आणि पूर्वेला शेअर रिक्षाची रांग. घड्याळ लावून बघितलं, ऑफिसच्या दारापर्यंत एक तास दहा मिनिटं.

परत दादरला जायला संकुलातून मेट्रो पकडली. गप्पांत लक्ष नव्हतं आणि एक स्टेशन आधीच, शीतलादेवीला उतरलो. वर आलो तर माहीम. आमच्या यादीत माहीम नव्हतंच. उतरलोच आहोत तर हलवा घेऊ म्हटलं. पातळ, चौकोनी, मधे कागद घातलेला तो हलवा माझ्या सासऱ्यांना फार आवडायचा. दुकानातल्या काउंटरवरच्या बाईंना सहज म्हटलं, लेकीसाठी जागा बघतोय. त्यांच्या इमारतीत दोन मुली तिसरी शोधत होत्या.

तासाभरात आम्ही जागा बघितली. दुसरा मजला, जुनी इमारत, रंग उडालेला जिना, खिडकीत सोनमोहर. एक मुलगी रत्नागिरीची, एक नांदेडची. माणशी 17 हजार. घरमालक आजी खाली राहतात. त्यांनी लेकीला एकच गोष्ट सांगितली, ‘कधीही ये, पण फाटक हळू लाव. माझी झोप सावध आहे.’

मला मात्र रात्र बघायची होती. नणंदेला फोन करून उशीर होईल म्हटलं. माहीमचा दर्गा साडेअकरालाही जागा होता. कबाबांचा धूर, फालुद्याचे उंच पेले, अत्तराची दुकानं. डिसेंबरात इथे उरूस भरतो आणि त्यात पहिला मान मुंबई पोलिसांचा असतो. आम्ही शिगेवरचे कबाब आणि रोटी खाल्ली, दोघींचे मिळून 260 रुपये झाले. तिथून दोन गल्ल्या आत वळलो तर एकदम शांत. घराच्या ओट्यावर क्रूस, पुढच्या दारात तुळस. किनाऱ्यावर गेलो. पाच-सात कुटुंबं वाळूत चादर टाकून बसली होती, मुलं झोपलेली. समोर सागरी सेतूचे दिवे. डावीकडे अंधारात होड्या. दोन महिला पोलीस चालत गेल्या, आमच्याकडे बघून मान हलवली आणि पुढे गेल्या.

उणिवा आहेत. ओहोटीला खाडीचा वास येतो. पावसाळ्यात इथले रस्ते तुंबतात, रत्नागिरीच्या मुलीने गुडघ्यापर्यंत हात लावून दाखवलं. रिक्षा नाही. मेट्रो संपल्यावर ऑफिसातून यायला टॅक्सीचे दीडदोनशे रुपये जातील. पण मेट्रो आहे तोवर संकुल दोन स्टेशनांवर, आणि शिवाजी पार्क चालत वीस मिनिटांवर.

लेकीने वाळूत बसूनच आजींना उद्या येते असा निरोप पाठवला.

मंगळवारी सकाळी कोयना एक्स्प्रेसने मी एकटीच परतले. ती सामान लावायला थांबली. पिशवीत लालबागचा मसाला, माहीमचा हलवा, आणि वांद्र्याच्या मालकीणबाईंनी कागदात गुंडाळून दिलेली बॉटल मसाल्याची छोटी बाटली.

परवा रात्री अकरा वाजता तिचा फोन आला. मागून लाटांचा आवाज येत होता. मी विचारलं, ‘जेवलीस का? कुठे आहेस?’

‘जेवले. काही नाही गं आई, बसलेय.’